न खरवडलेला कंदील

"मामू, अब्बा गेले," असं भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुणी सांगितलं?" हा. तो बापाच्या उशाशी उभा राहून बोलत होता, त्याला आणखी कोण सांगणार होतं? तरी मी थांबलो नाही. "डॉक्टरांनी नीट बघितलं ना?" असंही विचारून मोकळा झालो. आमच्या घराण्याला ही खोडच आहे. दुधाची पिशवी आणली तरी आम्ही ती उजेडात धरून बघतो. गफूरभाईंना ती पुरती ठाऊक होती, कारण त्यांनी आमच्या घरची मुलगी केली होती आणि ती करताना माझ्या संशयाच्या चाळणीतून ते गाळून निघाले होते. आता त्यांचा चाळिसावाही होऊन गेला. माणसं आली, दुआ झाली, बिर्याणीच्या डेगा रिकाम्या झाल्या... आणि मला कळेना की आता मी संशय घेऊ कुणाचा? साठ वर्षं मी एका माणसावर नजर ठेवून होतो, आणि तो नजर चुकवून निघून गेला.

मी दुबईला आलो तेव्हा आजचा हा देश नव्हता. खाडीच्या दोन काठांवर बाजार, लाकडी लाँचा, आणि रत्नागिरीकडच्या आम्हा मंडळींसाठी खाडीकाठच्या देरा भागात गावच्या जमातीची एक खोली. गावाकडून आलेला माणूस नोकरी लागेपर्यंत आणि लागल्यावरही तिथंच पथारी टाकायचा. व्यवहार आपल्या रुपयातच चालायचा, त्यामुळे परदेशात आल्यासारखं फारसं वाटत नसे. वीज होती, पण ठरावीक गल्ल्यांत. बाकी सगळीकडे घासलेटचं राज्य. मी एका शिपिंग एजंटाकडे टायपिस्ट होतो आणि गफूरभाईंचं बाजारात कंदिलांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी, एक पडदा आणि छताला टांगलेले कंदील. वयानं ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, उंच, हनुवटीवर दाढीचा छोटासा ठिपका. बोलताना समोरच्याकडे न बघता कंदिलाच्या वातीकडे बघायचे. प्रत्येक कंदील विकण्याआधी पेटवायचे, घासलेटचा वास घ्यायचे, वात वर-खाली करायचे आणि काचेवर काजळी धरते का ते पाहून मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. माणूस इतकी पारख का करतो? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.

हे कंदील यायचे चीनहून, हाँगकाँगच्या वाटेनं. स्वस्त, टिकाऊ, आणि तळाशी चिनी अक्षरांचा ठसा. थर्मास, बॅटऱ्या, इनॅमलच्या परातीसुद्धा तिथूनच यायच्या. मग बासष्टला आपलं चीनशी युद्ध झालं. रेडिओवरच्या बातम्या ऐकताना आमच्या खोलीत जेवणं तशीच पडून राहायची. त्यानंतर बाजारात एक नवीनच धंदा सुरू झाला. आपली झाडून सगळी दुकानदार मंडळी दुपारी सॅंडपेपर घेऊन बसायची आणि मालाच्या तळाचे ठसे खरवडून काढायची. माल तोच, आगबोटीतून उतरलेला तोच, पण संध्याकाळी तो 'जपान' व्हायचा. गिऱ्हाइकानं शंका काढली की छातीवर हात ठेवून अल्लाची कसम, "वल्ला, जपानी आहे!" एकटे गफूरभाई ठसा खरवडायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चीनचा आहे. जळतो चांगला. नको असेल तर पुढचं दुकान बघा, तिथं हाच जपानचा मिळेल." झालं! ज्यांनी ठसे खरवडले ते देशभक्त ठरले आणि ज्यानं खरवडला नाही त्याचं नाव पडलं 'चीनवाला'. मीही तेच म्हणायचो. जो एवढं उघड बोलतो त्याच्याकडे लपवायला त्याहून मोठं काही असणार, असा माझा हिशेब.

आणि माझ्या हिशेबाला बळ द्यायला चान आला. हाँगकाँगच्या कंपनीचा एजंट. पांढरा शर्ट, बारीक चष्मा, चेहऱ्यावर कायम पाहुण्याचं हसू. तो वर्षातून एकदोनदा यायचा आणि गफूरभाईंच्या दुकानात तासन् तास बसायचा. मी संध्याकाळी ऑफिसातून सुटलो की तिथं चहाला टेकायचो, त्यामुळे मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. तो कंदिलांबद्दल थोडंच बोलायचा. घासलेटचे डबे कुठून येतात? अबादानहून की बहरीनहून? कुणाच्या बोटीतून? अबुधाबीला जे तेल निघालंय ते इंग्रजांनी कुणाला द्यायचं ठरवलंय? दुबईला निघेल का? लोक काय म्हणतात? गफूरभाई वातीकडे बघत "मेबी, मिस्टर चान," "नो आयडिया, मिस्टर चान" करत राहायचे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. कंदील विकणाऱ्याला तेलाची एवढी पडली का असावी?

खोलीत याची चर्चा झाल्याशिवाय राहणार होती थोडीच? आमच्या जमातीचे मुखिया हाजीसाहेब रेडिओचे मोठे शौकीन. ते म्हणाले, "रशियाशी बिनसलंय त्यांचं. सगळं तेल रशियाकडून यायचं. आता रशिया हात आखडता घेतोय, मग चीन काय पाणी जाळणार? म्हणून हा फिरतोय. आज कंदील विकायचा, उद्या तेलाच्या विहिरीवर बसायचं. और अपना गफूर उसको रास्ता दिखा रहा है." हाजीसाहेब स्वतः शेजारच्याच गल्लीत थर्मास विकत, खरवडलेले. तरी त्यांचं बोलणं मला पटलं होतं हे खरं. आजही त्यातला चीनबद्दलचा भाग खोटा होता असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्र उघडलं की दिसतंच, ज्या रशियाशी बिनसलं होतं त्याच्याशी आता पाइपलाइनी, अरबांशी करार, इराणशी करार, अमेरिकेशी सकाळी भांडण आणि संध्याकाळी खरेदी. हाजीसाहेबांना हे सगळं थर्मासच्या दुकानात बसून दिसलं होतं. फक्त माणूस ओळखण्यात त्यांची गडबड झाली... किंवा झाली नसेलही.

अशात गावाहून निरोप आला. गफूरभाईंच्या घरच्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला, जुबैदाला, मागणी घातली होती. आमच्याकडे रीत अशी की मुलगा आखातात असला तर मुलीचा बाप तिथल्या जमातीच्या खोलीकडे चौकशी करतो. चार वडीलधारी बसतात, मुलाला समोर बसवतात आणि बापाला एक वाक्याचं उत्तर पाठवतात. "मुलगा चांगला आहे" म्हणजे मुबारक. "मुलगा मेहनती आहे, बाकी अल्ला जाणे" म्हणजे दुसरं घर बघा. त्या बैठकीत नातेवाइकाला तोंड उघडायची मुभा नसते. पण बाबांनी मला वेगळं कळवलं होतं, की जमात जमातीचं सांगेल, तू तुझ्या डोळ्यांनी बघ. जुबैदा माझ्या पाठची, आई गेल्यावर मीच तिला वेणी घालायला शिकलो होतो. तिला मी चीनवाल्याच्या पदरात टाकू? माझी झोप उडाली.

बघायची संधी लगेच आली. चानला डोंगरापलीकडचं, समुद्रकाठचं फुजैरा बघायचं होतं. आज फुजैराला जायला गुळगुळीत रस्ता आहे. तेव्हा डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रातून लँडरोव्हर दगडांवरून उड्या मारत जायची. मी गफूरभाईंना म्हटलं, मलाही सुट्टी आहे, येतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वातीकडे बघतात तसं, आणि म्हणाले, "ये. पुढे बस, मागे फार हादरे बसतात." फुजैरात तेव्हा काय होतं? खजुराची झाडं, मातीचा किल्ला, किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी. तिथं कंदील घेणार तरी किती जण? पण चान खूश होता. समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि गफूरभाईंना म्हणाला, "प्लीज आस्क हिम, हाऊ डीप?" समोर एक म्हातारा मासेमार जाळं दुरुस्त करत होता. गफूरभाईंनी अरबीत विचारलं. म्हातारा हात पसरून म्हणाला, खूप खोल. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तळच लागत नाही, मोठमोठ्या बोटी सहज उभ्या राहतील. एवढं अरबी मलाही कळत होतं. गफूरभाई वळले आणि शांतपणे चानला म्हणाले, "ही सेज, नॉट डीप. मेनी रॉक्स. बिग शिप, फिनिश."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पापणीसुद्धा हलली नव्हती. चाननं मान डोलावली, "आय सी, आय सी" केलं, आणि आम्ही खजूर खाऊन परत निघालो. परतीच्या सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात गिरणी चालू होती. हा माणूस चीनचा हेर नाही हे तर उघड झालं. पण एवढं सफाईदार खोटं? ज्याचा माल विकून पोट भरतो त्याच्या तोंडावर? उद्या माझ्या बहिणीला असाच पाण्याची खोली सांगेल! एक संशय मिटला नाही तोवर त्याच्या जागी दुसरा, पहिल्यापेक्षा धट्टाकट्टा येऊन बसला.

जमात बसली ती पुढच्या जुम्म्याला, नमाजानंतर. हाजीसाहेबांनी सरळच विचारलं, "गफूर, तो चिनी तुला काय विचारतो?"

"तेल किती, ते विचारतो."

"आणि तू?"

"मी कंदील किती देणार ते विचारतो. आम्ही दोघंही खरं सांगत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. हाजीसाहेब म्हणाले, "मस्करी नको. तू त्याचा माणूस नाहीस ना? मग कसम घे. अल्लाची कसम घेऊन सांग, खलास. आम्ही आत्ता मुबारक कळवतो."

इतकी सोपी गोष्ट. एक शब्द. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होतो, घे बाबा, घे एकदाची. गफूरभाईंनी मान वर केली. मग म्हणाले, "हाजीसाहेब, या बाजारात मी रोज कसमा ऐकतो. प्रत्येक खरवडलेल्या कंदिलावर एक. जो कसम खाऊन माल दाखवतो त्याच्याकडून मी काडेपेटीसुद्धा घेत नाही. मग मी स्वतःला कसम खाऊन कसा विकू?" हाजीसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. एक माणूस पुटपुटला, "चोराच्या मनात चांदणं." निर्णय व्हायला वेळ लागला नाही. मुलगा मेहनती आहे, बाकी अल्ला जाणे.

तिसऱ्या प्रहरी अस्रचा नमाज झाल्यावर मी त्यांना खाडीच्या धक्क्यावर गाठलं. ते पाय खाली सोडून बसले होते. डोळे ओले होते की खाडीच्या वाऱ्यानं पाणी आलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी म्हटलं, "फुजैरात तुम्ही त्याला खोटं सांगितलंत. मला अरबी कळतं."

"माहीत होतं मला. म्हणूनच तुला बरोबर घेतलं."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत? लगेच सुटला असता."

"कसा सुटलो असतो? चीनचा माणूस नाही, फक्त लबाड आहे, असं?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होते. "हे बघ, त्यानं कंदिलाचा भाव विचारला, वात विचारली, काच का फुटते विचारलं, मी त्याला कधी खोटं सांगितलं नाही. समुद्र किती खोल हे कंदीलवाल्याचं काम नाही. ज्याचा प्रश्न त्याच्या कामाचा, त्याला खरं उत्तर. बाकीच्यांना रॉक्स."

"आणि माझ्या बहिणीनं विचारलं तर?"

"तिचा कुठला प्रश्न तिच्या कामाचा नसेल?"

उत्तर चांगलं होतं, आणि चांगल्या उत्तरांचा मला फार संशय येतो. त्यांनी ते ओळखलं असावं. उठून दुकानात गेले आणि एक कंदील घेऊन आले. हिरवा, नवाकोरा, तळाला ठसा तसाच. म्हणाले, "चानकडून आजवर फुकट घेतलेली वस्तू ही एवढीच. सँपल म्हणून दिला होता. तू सुट्टीवर निघालायस ना? हा जुबैदाला दे. चिन्याकडून फुकट घेतलाय, जमातीनं 'अल्ला जाणे' म्हटलंय, आणि मी त्याला समुद्राबद्दल खोटं सांगितलंय, हे सगळं सांग. मग ती नाही म्हणाली तर मी परत तोंड दाखवणार नाही." लोक मागणीच्या वेळी अत्तर पाठवतात, रेशमी कापड पाठवतात. या माणसानं स्वतःवरचा आरोपच गुंडाळून पाठवला.

तो कंदील मी आगबोटीतून मांडीवर घेऊन गेलो. मुंबईच्या बंदरावर कस्टमवाल्यानं तळ उलटा करून ठसा बघितला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि माझी सगळी पेटी उपसली. घरी बाबांनी तर कमाल केली. आत बिनतारी यंत्र असेल म्हणून त्यांनी कंदील आधी दिवसभर पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवला, मग टाकी, बर्नर, जाळी, सगळं सुटं करून अंगणात चादरीवर मांडलं. अर्धं गाव चीनचा कंदील बघायला जमलं. काही निघालं नाही. मी दुबईत पाहिलेलं, ऐकलेलं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. बाबा म्हणाले, "जमात नाही म्हणते, तर नाही." तोवर जुबैदा आतून आली, चादरीवर बसली आणि एकेक भाग पुसून कंदील परत जोडायला लागली. जोडता जोडता म्हणाली, "बाबा, आपली बदनामी जो स्वतःच्या हातानं घरी पाठवतो, त्याला माझ्यापासून लपवायचं काय असणार?" मला सांगायचं होतं की मोठी गोष्ट लपवायला लोक छोटी पुढे करतात. पण तिनं तोवर वात पेटवली होती आणि काच बसवून तिचा उजेड बाबांच्या तोंडावर धरला होता. मला कुणी विचारलंच नाही.

लग्न झालं. पुढे दुबईत वीज आली, तेल निघालं, रुपया जाऊन रियाल आणि मग दिरहम आला, कंदिलांचं दुकान मिटून रास अल खोरला स्पेअर पार्टचं गोडाऊन झालं. चान युद्धानंतरही दोन-तीन वर्षं येत होता, मग यायचा थांबला. का थांबला ते गफूरभाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. मी मात्र पाळत सोडली नव्हती. ईदला, वाढदिवसाला, गाडीत, कुठंही संधी मिळाली की विचारायचो, "चानला खरंच काय हवं होतं हो?" ते हसायचे आणि म्हणायचे, "रॉक्स."

त्यांची माझी शेवटची भेट फुजैरालाच झाली. त्यांनाच जायचं होतं. भाच्यानं गाडी काढली, त्यांचा नातू मागे मोबाइलमध्ये डोकं घालून. किनाऱ्यावर आलो तर क्षितिजापर्यंत तेलाच्या बोटी नांगर टाकून उभ्या, टाक्यांच्या रांगा, आणि एका अजस्र टँकरच्या पाठीवर चिनी अक्षरं. कंदिलाच्या तळाला असायची तशीच. मी नातवाला म्हटलं, "ती बघ चीनची बोट! तुझ्या दादाअब्बांना सगळं माहीत आहे त्यातलं." तो वर न बघता म्हणाला, "नानू, इट्स जस्ट अ शिप." गफूरभाई काठीवर दोन्ही हात ठेवून खूप वेळ बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "खोल होतं रे पाणी." मी म्हटलं, "ते मला माहीत आहे, मी होतो तिथं." "तुला माहीत होतं," ते म्हणाले, "पण मी रॉक्स म्हटलं तेव्हा चान हसला होता... ते तू बघितलं नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास." एवढंच. पुढे काही विचारायच्या आत भाच्यानं हाक मारली, "चलो यल्ला, ट्रॅफिक लगेगा."

चाळिसाव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी जुबैदाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. खिडकीत तो हिरवा कंदील. दर गुरुवारी गफूरभाई त्याची काच राखेनं घासायचे, वात कातरायचे, घासलेटचा वास घ्यायचे आणि दिवेलागणीला, मगरिबच्या वेळी, पेटवायचे. चौदाव्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, उगाचच. त्या दिवशी गुरुवारच होता. जुबैदानं काच उतरवली, घासली, कात्रीनं वात सरळ केली, टाकीचं झाकण उघडून नाकाशी नेलं. अगदी त्यांच्यासारखंच. मला एकदम भरून आलं. मी या माणसावर आयुष्यभर संशय घेतला आणि त्यापायीच तो मला सख्ख्या भावाहून जवळचा झाला होता. डोळे पुसत मी म्हटलं, "जुबे, एक विचारू? तुला तर त्यांनी सांगितलं असेल. त्या चानला काय हवं होतं? आणि तो हसला का होता?"

तिनं काडी ओढली. वात पेटली, आधी पिवळी, मग स्थिर. काच बसवून ती म्हणाली, "सांगितलं होतं. लग्नानंतर मी पहिलं तेच विचारलं."

"मग?"

ती माझ्याकडे न बघता वातीकडे बघत होती.

"भाई," ती म्हणाली, "त्याला कंदील विकायचे होते."